वापरलेला कोळसा

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा पहिल्यांदा आमच्या घरी आला तेव्हा त्याला भुवया नव्हत्या. तो बेकरीत भट्टीवर कामाला होता आणि आदल्या दिवशी जाळ अंगावर आला होता. मी तेव्हा शाळकरी होते, आणि माझ्या जिभेला तेव्हाही हाड नव्हतं. मी सरळ विचारलं, भुवया कुठे गेल्या? घरातले सगळे माझ्याकडे डोळे वटारून बघायला लागले. तो मात्र शांतपणे म्हणाला, "पावात गेल्या. उद्या खाताना नीट बघ." तेव्हापासूनच ते माझे भाऊजी झाले. ताईचा होकार नंतर आला.

वर्षानुवर्षं गल्लीत भाऊजींचा विषय निघाला की लोक दोन गोष्टी सांगायचे. एक म्हणजे या माणसाने आपल्याला पिण्यासारखं पाणी दिलं. दुसरी म्हणजे याच माणसाने स्वतःच्या नातीला विष घातलं. पहिली गोष्ट खरी आहे. दुसरी खोटी आहे, आणि ती पसरवली खुद्द भाऊजींनीच. मला हे इतकी वर्षं माहीत होतं आणि सांगायची बंदी होती. आता बंदी घालणारा माणूसच राहिला नाही, म्हणून सांगते.

ताईची गल्ली जुन्या बॅटऱ्या फोडण्याच्या कारखान्यामागे आहे. तिथे बॅटऱ्या फोडून आतलं शिसं वितळवायचे. मालक एके दिवशी फाटकाला कुलूप लावून गेला तो गेलाच. कारखाना बंद झाला म्हणून लोक आधी हळहळले, कारण कामं गेली. मागे काय राहिलं ते हळूहळू कळलं. आवारात काळपट डबकी राहिली, आणि जमिनीत जे मुरायचं ते मुरून गेलं होतं. गल्लीला एकच हातपंप. त्याचं पाणी दिसायला इतकं नितळ की कुणाला संशय यावा कसा? पण पोरांची पोटं सतत दुखायची, बायकांचे दिवस पुरे व्हायच्या आत गर्भ पडायचे, आणि मागच्या गल्लीतली मुलं मठ्ठ असतात हे शाळेतल्या शिक्षकांनी ठरवूनच टाकलं होतं. मी दोन गल्ल्या सोडून राहते, शिवणकाम करते. आमच्याकडे नळ आहे. केवळ तेवढ्यानेच माझी मुलं हुशार ठरली, हे मी कबूल करते.

पाणीखात्यातून एक बाई आल्या. त्यांनी पाणी तपासलं आणि हातपंपाला लाल रंग फासला. लाल म्हणजे पिऊ नका. मग प्यायचं काय, याला खात्याकडे उत्तर नव्हतं. नळ येणार आहे, एवढंच ते सांगायचे. लोकांनी काही दिवस लांबून पाणी आणलं, खांदे भरून आले, आणि मग पुन्हा लाल पंप हापसायला लागले. त्या बाईंना याची लाज वाटायची. खात्यात लाज वाटणारं माणूस मी तेवढं एकच पाहिलं.

त्याच सुमाराला बेकरीत विजेची भट्टी आली आणि भाऊजी घरी बसले. आणि त्याच सुमाराला त्यांच्या सुनेला दिवस राहिले. तिचे आधीचे दोन गर्भ गेले होते. मुलगा ट्रकवर, महिनोन्‌महिने बाहेर. सून कपड्यांच्या कारखान्यात पाळीवर जायची आणि घरी आल्यावर भिंतीकडे तोंड करून पडायची. भाऊजी एके सकाळी उठले, पाणीवाल्या बाईंच्या कचेरीत जाऊन बसले आणि म्हणाले, नळ येईल तेव्हा येईल, पण माझ्या घरात बाळ त्याआधी येणार आहे. मधल्या काळात काय करायचं ते सांगा.

बाईंनी सांगितलं ते अगदी साधं होतं. कचरा घ्यायचा. दाणे काढलेली मक्याची कणसं, शेंगांची टरफलं, सुताराकडचे लाकडाचे तुकडे. हवा न लागू देता भाजायचा. त्याचा जो कोळसा होतो, त्याला डोळ्यांना न दिसणारी लाख भोकं असतात. पाणी त्यातून गाळलं की शिसं त्या भोकांत चिकटून बसतं. भाऊजींनी विचारलं, हवा न लागू देता म्हणजे पाव भाजतात तसं? बाई म्हणाल्या, तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर जमेल.

लवकर कसलं जमतंय! पहिल्या खेपेला सगळ्याची राख झाली. दुसऱ्या खेपेला कणसं आतून तशीच पिवळी राहिली. ताई मला म्हणाली, घरात एक रिकामटेकडा माणूस आणि दोन पिंपं आली आहेत, तिघांनाही ठेवायला जागा नाही. मोठ्या पिंपात छोटं पिंप ठेवायचं, छोट्यात कचरा ठासून झाकण लावायचं, आणि मधल्या जागेत जाळ करायचा. आधी पांढरा दाट धूर येतो. मग आतून निघणारा वायूच पेट घेतो आणि धूर नाहीसा होतो. जाळ आपोआप बसला की हात लावायचा नाही, पिंप पूर्ण गार होईपर्यंत झाकण उघडायचं नाही. घाई केली की आतला निखारा हवा घेतो आणि सगळं काम राखेत जातं. भाऊजींना घाई कधी नव्हतीच. ते पिंपापाशी स्टुलावर बसून राहायचे, आणि मी चिडवायचे, "काय भाऊजी, अंडी उबवताय का?"

चांगला कोळसा वाजतो. हे त्यांनी मला दाखवलं. तुकडा पिंपाच्या कडेवर हलकेच आपटला की काचेसारखा 'टिंग' असा आवाज येतो. कच्चा असेल तर नुसता 'ठप्प' वाजतो. 'टिंग' वाजला तो कुटायचा, चाळायचा, धुवायचा, आणि अंगणातल्या मोठ्या टाकीत वाळूवर थर देऊन भरायचा. 'ठप्प' वाजला तो आणि चाळणीखालचा चुरा घरात शेगडीला. ताईला ही वाटणी फार पसंत होती, कारण हिवाळ्यात तिच्या स्वयंपाकघरात लोखंडी शेगडी दिवसभर पेटलेली असायची.

इथे ताईबद्दल सांगितलं पाहिजे. माझी बहीण काहीही टाकत नाही. प्लास्टिकच्या पिशव्या धुवून दोरीवर वाळत घालते. साबणाचे उरलेले पातळ तुकडे एकमेकांना चिकटवून नवा साबण करते. नवऱ्याचा शर्ट आधी मुलाचा होतो, मग उशीचा अभ्रा, मग पुसणं, आणि पुसण्याच्या चिंध्या झाल्या की शेगडी पेटवायला. आम्ही हसायचो. मी म्हणायचे, ताई, तू मेल्यावरही म्हणशील की शरीर अजून चांगलं आहे, कुणालातरी द्या. ती म्हणायची, तुझ्यासारख्या उधळीला नाही देणार. आमच्या आईनेच तिला असं वाढवलं होतं, आणि ते वळण वाईट होतं असं मी अजूनही म्हणणार नाही.

टाकीतलं पाणी बाईंनी तपासलं, पुन्हा तपासलं, आणि म्हणाल्या, प्या. सुनेला मुलगी झाली. दिवस पूर्ण भरून, चांगल्या वजनाची, खणखणीत आवाजाची. भाऊजी दवाखान्यातून आले ते थेट टाकीपाशी गेले आणि तिच्यावर हात ठेवून उभे राहिले. गल्लीतल्या लोकांनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून अंगणात भांड्यांची रांग लागली. बेकरीचा भट्टीवाला गल्लीचा कोळसेमास्तर झाला. लोक आपापला कचरा पोत्यात भरून आणायचे आणि पाणी घेऊन जायचे. पुढच्या काही वर्षांत गल्लीत जी पोरं झाली ती बघून शाळेतल्या शिक्षकांनाही मत बदलावं लागलं असतं, पण शिक्षक मतं बदलत नाहीत, बदली करून घेतात.

नातीला सगळे चिमणी म्हणायचे. आई-बाप कामावर, म्हणून ती दिवसभर आजी-आजोबांकडे. उन्हाळ्यात आजोबांजवळ अंगणात, हिवाळ्यात आजीजवळ स्वयंपाकघरात. भाऊजी कोळसा वाजवायचे आणि ती कान लावायची. तिचा पहिला शब्द आई नव्हता, बाबा नव्हता. 'टिंग' होता. आणि ते तिने आजोबांचं नावच करून टाकलं. सकाळी अंथरुणातून हाक यायची, "टिंग!" आणि हा दांडगा माणूस काळे हात मागे लपवत धावत जायचा, कारण काळ्या हातांनी तिला उचललं तर ताई ओरडायची.

आता वापरलेल्या कोळशाचं सांगते. टाकीतला कोळसा काही काळाने भरतो. त्याची भोकं शिशाने बुजतात, मग तो बदलावा लागतो. बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं: जुना कोळसा खड्ड्यात, खाली जाड प्लास्टिक, वर चिकणमातीचा थर. जनावरांपाशी नको, बागेत नको. भाऊजींनी घरामागे खड्डा खणला, प्लास्टिक अंथरलं, आणि ताईला सांगितलं, जुना कोळसा मागच्या खड्ड्यात टाकत जा, बाईंनी सांगितलंय. एवढंच सांगितलं. ते टाकीतून काढून पोत्यात भरून द्यायचे आणि पुन्हा पिंपापाशी जायचे.

ताईने पोतं उघडून पाहिलं असेल. आत चांगला वाजणारा, घट्ट, निवडून घेतलेला कोळसा. फक्त ओला. तो मातीत पुरायचा? ज्या बाईने साबणाचा तुकडा कधी वाया घालवला नाही तिने? तिने तो गच्चीवर पसरला, उन्हात वाळवला आणि शेगडीजवळच्या टोपलीत टाकला. टोपलीत आधीपासून भाऊजींनी दिलेला चुरा आणि कच्चे तुकडे असायचेच. स्वच्छ काय आणि शिशाने भरलेला काय, दोन्ही दिसायला सारखेच काळे. भाऊजी रोज त्या शेगडीपाशी बसून चहा प्यायचे आणि त्यांना कधी शंका आली नाही. तिने लपवलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नाही. उरलेल्या राखेने ती भांडी घासायची, आणि राखेची भांडी किती लख्ख निघतात हे मला ऐकवायची.

तिसऱ्या हिवाळ्यात चिमणी आजारी पडली. आधी पोट दुखायला लागलं. मग जेवण सुटलं, चेहरा फिका पडला. चालताना अडखळायला लागली. मग एकेक शब्द जायला लागले. आधी येत असलेले शब्द! पाणी म्हणायची, ते म्हणेना. आई म्हणायची, ते म्हणेना. शेवटी फिट आली आणि दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, अंगात शिसं आहे, खूप आहे.

 सगळ्या गल्लीची पोरं ठीक आणि त्यांच्याच घरातली पोर अशी? भाऊजींनी एकच अर्थ काढला, की आपला कोळसा कमी पडतोय. मग ते हात धुवून त्या कामामागे लागले. दोन पिंपांची चार झाली. थर जाड केला. महिन्याने बदलायचा कोळसा आठवड्याने बदलायला लागले, बाजारातून कणसांची पोती डोक्यावरून वाहून आणायला लागले. खोकायचे, पुन्हा जाळ करायचे. आणि जितका कोळसा ते बदलत होते, तितका जुना कोळसा ताईच्या टोपलीत जात होता. दवाखान्यातून घरी आणलेली पोर थंडी लागू नये म्हणून शेगडीशेजारी निजवली होती.  एवढं प्रेम आणि एवढी मेहनत, आणि सगळं त्या पोरीच्या मुळावर आलं.

पाणीवाल्या बाई पुन्हा आल्या. टाकीचं पाणी घेतलं, त्यात शिसं सापडलं नाही. भाऊजी म्हणाले, तुमचं यंत्र बिघडलंय. बाईंनी तिसऱ्यांदा तपासलं, तेच. मग त्या म्हणाल्या, पाण्यात नाही तर घरात आहे, मला घर बघू द्या. भिंतीचा रंग खरवडला, अंगणातली माती घेतली. मी त्या दिवशी तिथेच होते, चिमणीला मांडीवर घेऊन. बाई स्वयंपाकघरात आल्या. मोरीजवळ डब्यात राख होती. त्यांनी विचारलं, ही कशाची?

"शेगडीची," ताई म्हणाली.

"शेगडीत काय जाळता?"

"यांचाच कोळसा. जुनासुद्धा. गच्चीवर वाळवला की काय छान पेटतो!" ताईच्या बोलण्यात थोडी ऐट होती. परक्या शिकलेल्या बाईला आपला संसार दाखवताना असते तशी.

 बाईंनी डब्याला झाकण लावलं, आणि मला म्हणाल्या, मुलीला बाहेर घेऊन जा. दारात भाऊजी उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते उंबऱ्यावरच बसले. ताई माझ्याकडे बघून विचारत होती, काय झालं गं? काय झालं? भाऊजी उठून घरामागे गेले. मी गेले त्यांच्यामागे. खड्डा होता तसाच होता. प्लास्टिकवर पावसाचं पाणी साचून वाळलं होतं, कडेला गवत उगवलं होतं. आत कोळशाचा एक तुकडा नव्हता. इतक्या वर्षांत त्यांनी एकदाही तिकडे डोकावून पाहिलं नव्हतं.

राखेचा निकाल आला. कारखान्याच्या आवारातल्या मातीपेक्षा त्या डब्यात जास्त शिसं होतं. बाई मला म्हणाल्या, पुरा असं मी सांगितलं, पण जाळू नका हे सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही, कोण जाळेल असं वाटलं. त्या रडत होत्या. मला त्यांचा राग आला नाही. ज्याने आयुष्यात काही टाकलं आहे, त्याला असंच वाटणार.

ताईने थंडीत शेजारच्या म्हातारीला आणि टोकाच्या घरीही टोपलीभर कोळसा दिला होता, त्यामुळे गप्प बसून चालणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याची रांग लागली तेव्हा भाऊजी टाकीसमोर उभे राहिले. मोठ्याने बोलायची त्यांना सवय नव्हती, दोनदा घसा खाकरावा लागला.

"टाकीतलं पाणी चांगलं आहे, ते प्या. पण जुना कोळसा कुणाच्या घरात असेल तर जाळू नका, राखेला हात लावू नका, मला आणून द्या. सगळं विष त्यातच असतं. माझ्या घरी तो जाळायला मीच दिला होता. म्हणून पोरीचं असं झालं. चूक माझी आहे."

ताई माझ्याशेजारी उभी होती. तिने तोंड उघडलं, मी पाहिलं. मग मिटलं. मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं आणि मिठीही मारावीशी वाटली, आणि मी दोन्ही केलं नाही.

संध्याकाळी सून कामावरून आली तेव्हा गल्लीनेच तिला सगळं सांगून टाकलं होतं. ती सासऱ्यासमोर उभी राहिली. ओरडली नाही. "बाबा, त्या कोळशात काय आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं," भाऊजी म्हणाले.

तिने त्याच आठवड्यात दुसरीकडे खोली घेतली. आई, तुम्ही दर रविवारी या, तिला तुमची सवय आहे, असं सासूला म्हणाली. सासऱ्याला म्हणाली, तुम्ही माझ्या दारात पाय ठेवायचा नाही. मुलगा घरी आला तेव्हा त्यानेही बापाशी बोलणं टाकलं. औषधांनी चिमणीच्या रक्तातलं शिसं उतरलं, पण डोक्याला जे झालं ते भरून येत नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. ती वाढली, चालायला लागली, हसायची. पण बोलली नाही.

मी भाऊजींवर अशी चिडले होते की जेवण जाईना. त्यांच्यासमोर जाऊन म्हटलं, "तुम्ही मोठे महात्मा असाल, मी नाही. मी जाऊन सुनेला खरं काय ते सांगणार आहे."

ते कणसं पिंपात ठासत होते. हात न थांबवता म्हणाले, "सांगून काय होईल? पोरीचा आजोबा गेलाय, आजी पण जाईल. आपल्यापैकी कुणीतरी एकाने तिच्याजवळ जायला पाहिजे ना?" मग झाकण बसवत म्हणाले, "आणि खोटं नाही ते. खड्डा मी खणला होता. तो रिकामा होता. मी बघायचं होतं." त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला. मी दिला, आणि नंतर कितीदा पस्तावले.

त्यांनी काम सोडलं नाही. काही घरांनी त्यांच्याकडून पाणी घेणं बंद केलं आणि पुन्हा लाल पंपावर गेली. पोटं दुखल्यावर मान खाली घालून परत आली. पाणी घ्यायचे, पण मास्तर म्हणायचे नाहीत. तोंडावर कुणी बोलायचं नाही, पाठीमागे नातीखाऊ म्हणायचे. जुना कोळसा आता भाऊजी स्वतः वाहून न्यायचे. खड्ड्यात टाकायचे, वर चिकणमाती थापायचे, पायाने दाबून घट्ट करायचे, आणि मग तिथे बराच वेळ उभे राहायचे. शेगडी भंगारात गेली. ताईच्या आयुष्यात तिने टाकलेली ती पहिली वस्तू असावी.

दोघं एका घरात राहत होते, एकमेकांना चहा देत होते, आणि त्या गोष्टीबद्दल त्यांनी एकमेकांपाशी कधी ब्र काढला नाही. रविवारी ताई पिशवीत स्वेटर, फळं असलं काहीबाही भरून जायची. परत यायच्या वेळेला भाऊजी फाटकापाशी उभे असायचे. विचारायचे, "कशी आहे?" ताई म्हणायची, "बरी आहे." "बोलली काही?" "नाही." मग ते पिंपाकडे जायचे आणि ती घरात जायची. वर्षानुवर्षं दर रविवारी एवढंच.

ज्याच्यापायी त्यांची फुप्फुसं गेली तो धूर बेकरीतला होता की पिंपातला, कोण जाणे. शेवटच्या वर्षात चार पावलं चाललं तरी दम लागायचा. मी म्हटलं, आता पुरे करा. म्हणाले, नळ आला की. एका दुपारी स्टुलावर बसल्या बसल्याच गेले. पिंप गार व्हायची वाट बघत होते. ते गेले तेव्हा पिंप अजून गरम होतं.

मुलगा ट्रक घेऊन लांब होता. सून आली. यावंसं वाटलं की यावं लागलं, मला माहीत नाही. चिमणीचा हात धरून आली. पोरगी माझ्या खांद्याला लागत होती, तोंडावर तेच लहानपणीचं हसू. अंगणात माणसं जमली होती, कुणीतरी हलक्या आवाजात म्हणत होतं, माणूस कष्टाळू होता हो, पण घरच्याच पोरीला... ताई दारात बसली होती. चिमणीने आईचा हात सोडला आणि कुणीही न दाखवता सरळ पिंपाकडे गेली. शेजारी चाळून ठेवलेल्या ढिगातून एक तुकडा उचलला. पिंपाच्या कडेवर आपटला. कान जवळ नेला.

"टिंग," ती म्हणाली.

 तिने मान वळवली, स्टुलाकडे पाहिलं, घराच्या दाराकडे पाहिलं. पुन्हा आपटला. "टिंग?" हाक मारत होती ती. सून धावत गेली आणि तिची मूठ उघडायला लागली. "टाक ते! विष आहे ते, टाक!"

"ते विष नाही," ताई म्हणाली. ती उभी राहिली होती, दाराच्या चौकटीला धरून. "तो नवा कोळसा आहे, स्वच्छ आहे. विष मी जाळलं. त्यांनी पुरायला सांगितलं होतं. मी वाळवून शेगडीत घातलं. त्यांना ठाऊकही नव्हतं."

सुनेला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिने विचारलं, "मग ते का म्हणाले तसं?"

"मला तुझ्याकडे येता यावं म्हणून."

सून कितीतरी वेळ सासूकडे बघत राहिली. मला वाटलं मारेल. मला वाटलं गळ्यात पडेल.  पोरीचं उचलून घेण्याचं वय राहिलं नव्हतं, तरी तिने तिला उचललं आणि निघून गेली. चिमणीच्या मुठीत तो तुकडा तसाच होता. तो काढून घ्यायचं सुनेचं राहून गेलं, किंवा तिनेच राहू दिला.

नंतर मी ताईला विचारलं, इतकी वर्षं गिळलंस आणि आता सांगितलंस, त्यांनी जे केलं ते सगळं पाण्यात घालवलंस, का? ताई म्हणाली, "चिमणी त्यांना हाक मारत होती गं. आणि सुनेने तिला सांगितलं की ते विष आहे." 

नळ अजून आलेला नाही. टाकी ताई चालवते. मी तिला पिंप भरू लागते. ती सारखी खोकते, पण ऐकत नाही. जुना कोळसा निघाला की पोत्याचं एक टोक ती धरते, एक मी, आणि आम्ही तो मागे नेऊन पुरतो.

रविवारी ती सवयीने पिशवी भरते आणि तशीच खुंटीला अडकवते. सुनेकडून बोलावणं नाही, निरोप नाही. दुपारी ती फाटकापाशी जाऊन उभी राहते, भाऊजी उभे राहायचे त्याच जागी. आता 'कशी आहे?' विचारायची पाळी तिची आहे, आणि सांगायला येणारं कुणी नाही.